सांगायचा भाव

न्यूयॉर्कच्या सोहो भागातील लॉफ्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकातील कारखान्याचा किंवा गोदामाचा, राहण्यासाठी बदलून घेतलेला मजला. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधील लॉफ्टशी, म्हणजे न्हाणीघरावरच्या, गणपतीचे मखर ठेवायच्या माळ्याशी, त्याचा संबंध नावापुरताच. बिडाचे खांब, उंच छत आणि बहुधा २५ फूट रुंद व १०० फूट खोल भूखंडावर बसवलेली लांबट जागा. उजेड पुढून आणि मागून येतो. मधल्या पट्ट्यात खिडकी नसते, आणि खिडकीविना खोलीला कायद्याने बेडरूम म्हणता येत नाही. म्हणून नकाशात तिथे ‘होम ऑफिस’ लिहितात. पलंग मात्र तिथेच पडलेला असतो.

अशा जागेचा भाव डळमळतो, कारण तिला जोड मिळत नाही. टॉवरमधल्या फ्लॅटसाठी खालच्या-वरच्या मजल्यांचे व्यवहार पाहून दर काढता येतो. लॉफ्टमध्ये शेजारचा मजलासुद्धा वेगळा निघतो. त्यातून अनेक इमारती को-ऑप पद्धतीच्या. घेणाऱ्याला घर नव्हे, संस्थेचे शेअर मिळतात, आणि क्षेत्रफळ कागदोपत्री अनेकदा नसतेच. एकाच मजल्याचे दोन दलाल दोन आकडे सांगतात. शिवाय १९७१ च्या नियमाने सोहोतील बऱ्याच लॉफ्टमध्ये शहराने प्रमाणित केलेल्या कलावंतानेच राहायचे ठरले. ही अट पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली, तरी घेणाऱ्याचा वकील तिच्यावर बोट ठेवतोच.

न खपणाऱ्या लॉफ्टचा भाव कसा हलतो, हे एका काल्पनिक उदाहरणात पाहता येते. सुरुवात २४,९५,००० डॉलरला. दोन महिन्यांनी २३,५०,०००, मग २१,९५,०००. दलालाशी केलेल्या कराराची मुदत संपते, जाहिरात उतरते. वसंतात दुसरा दलाल, नवे फोटो, भाड्याचे सोफे आणि भाव २३,९५,०००! ही वाढ बाजारातून आलेली नसते. काम मिळवण्यासाठी नव्या दलालाने मालकाला ऐकावासा वाटणारा आकडा सांगितलेला असतो. महिनाभरात तोही खाली येतो.

मालकाचा हट्टही आकड्यात मोजला गेला आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बोस्टनमधील १९९० च्या दशकातील फ्लॅटविक्री तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. तोट्यात विकावे लागणारे मालक अपेक्षित तोट्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम भावात वाढवून सांगत. हाती त्या तोट्याच्या ३ ते १८ टक्केच जादा येई, आणि घर जास्त काळ पडून राही. खरेदीची किंमत मालकाच्या डोक्यातून जात नाही. गिऱ्हाइकाला तिच्याशी काहीही कर्तव्य नसते.

काही उड्या करामुळे असतात. १० लाख डॉलर आणि त्यावरील घरावर खरेदीदाराला ‘मॅन्शन टॅक्स’ पडतो. २०१९ पासून शहरात २० लाखांना त्याचा दर १ वरून १.२५ टक्के होतो, आणि तोही पूर्ण किमतीवर. १९,९९,००० ला कर १९,९९० डॉलर; हजार डॉलर वाढताच २५,०००. त्यामुळे २१,९५,००० वरून उतरलेला भाव २०,५०,००० वर क्वचित थांबतो. तो थेट १९,९५,००० वर येतो.

पूर्वी जाहिरात बदलली की मागचे विसरले जाई. आता स्ट्रीटईझीसारख्या संकेतस्थळावर पत्त्याखाली भावांची उतरंड तारखांसह दिसते. एकच मोठी कपात झाली तर गिऱ्हाईक समजते, मालक शुद्धीवर आला. वरखाली होणारा आकडा दिसला की ते दोन शंका घेते: घरात खोट असावी, किंवा थांबले तर भाव आणखी पडेल. दोन्हींत ते थांबते. इकडे मालकाला संस्थेचा मेंटेनन्स दरमहा भरावाच लागतो, आणि भाड्याने द्यायचे तर बहुतेक को-ऑपमध्ये संस्थेची परवानगी लागते.

व्यवहार झाला की किंमत शहराच्या ‘ॲक्रिस’ या सार्वजनिक नोंदवहीत चढते. मधले सगळे भाव तिथे नसतात. वरच्या मजल्याचा मालक विकायला निघाला, की त्याचा दलाल आधी तीच नोंद काढतो.