महागाव ते नागपूर : मुक्या रुग्णासोबतची वाट

पुसद, उमरखेड आणि आर्णी या तीन गावांच्या मध्ये, नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर आमचे महागाव आहे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा सुरू होतो. कापूस, सोयाबीन, तूर आणि काही भागात ऊस, असा हा मुलूख. येथे जनावर हा घरचाच घटक. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लागते, आणि रानडुकरे नि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्री जागलीला जाणाऱ्या माणसासोबत त्याचा कुत्राही जातो. अलीकडे मात्र मी आणखी एक दृश्य घरोघरी पाहतो. मुले पुण्याला वा नागपूरला नोकरीस गेली, मागे उरले वृद्ध आईवडील आणि ओसरीवर एक कुत्रा किंवा मांजर. पहाटे त्या वृद्धाला उठवणारे आणि दिवसातून दोनदा चालायला लावणारे ते जनावरच असते.

वाचकहो, असे जनावर आजारी पडून त्याला भरती करण्याची वेळ आली, तर काय घडते, हे आधी ठाऊक असलेले बरे. मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच. तरीही लहान गावात पहिला प्रश्न अनेकदा आमच्याच दारी येतो, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, 'भरती' या शब्दाचा अर्थ गावागणिक बदलतो. तालुक्याच्या ठिकाणचे शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गुराढोरांसाठी उभे राहिले. तेथे कुत्र्याला तपासतात, लस देतात, सलाईनही लावतात. पण रात्री ठेवून घेण्याची सोय अशा ठिकाणी सहसा नसते. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली, खाली पोत्यावर जनावर, आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेले आपण, असे चित्र असते. परिचारिका आपणच. संध्याकाळी पायाला लावलेली सुई पट्टीत गुंडाळून घरी पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. गुरांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा 1962 हा क्रमांक शेतकऱ्यांना माहीत असतोच.

त्यापुढची पायरी यवतमाळचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. आणि मोठी शस्त्रक्रिया किंवा बारकाईच्या तपासण्या लागल्या, तर नागपूर. सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 सालचे. आज ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात शिकणारे विद्यार्थी सोबत असतात, तेच ते प्रश्न दोनतीनदा विचारले जातात. त्याचा राग मानू नये. मुक्या रुग्णाचे निदान निम्मे त्या उत्तरांवरच उभे असते.

माझ्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या रुग्णबाईंनी ही वाट गेल्या दिवाळीनंतर केली. एकट्या राहतात, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. त्यांची नऊ वर्षांची कुत्री राणी अचानक घटाघटा पाणी पिऊ लागली, जेवण सुटले, मागून स्राव येऊ लागला. गर्भाशयाची शस्त्रक्रिया न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीत ही लक्षणे दिसली, विशेषतः माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. हे दुखणे दिवसांवर टाकण्यासारखे नाही. पुतण्याची गाडी मिळाली आणि पहाटे चार वाजता त्या निघाल्या. आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी, असा चार-साडेचार तासांचा रस्ता. वैशाखात तर ही वाट उजाडण्यापूर्वीच कापावी. आमच्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. चहासाठी थांबताना बंद गाडीत त्याला ठेवू नये.

नागपूरच्या एका दवाखान्यात पोहोचल्यावर जे झाले, ते बहुतेक ठिकाणी होते. आधी वजन, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. मग गुदद्वारातून तापमान. 101 ते 102 फॅरनहाइट हा आकडा ऐकून बाई घाबरल्या. कुत्र्याचे ते नेहमीचेच तापमान असते. पुढच्या पायाचे केस भादरून रक्त घेतले, तेथेच सुई बसवली. तोंडाला मुसके बांधले. ते पाहून डोळ्यांत पाणी येते, पण वेदनेत असलेले प्रेमळ जनावरही चावते. त्यानंतर संमतीपत्र, खर्चाचा अंदाज आणि आगाऊ रक्कम. माणसांना लागू होणाऱ्या शासकीय आरोग्य योजना येथे नाहीत. प्राण्यांचा विमा निघतो, पण आमच्या भागात तो काढलेला मी पाहिला नाही. म्हणून अंदाज लेखी मागावा, आणि 'इतक्या रकमेपलीकडे जाण्याआधी फोन करा' असे निःसंकोच सांगावे. चांगल्या डॉक्टरला त्यात गैर वाटत नाही.

मग आला सर्वांत कठीण क्षण : आता आपण जा. माणसाच्या इस्पितळात आपण उशाशी बसतो. येथे पिंजऱ्याचे दार लागते. काही जनावरे मालक दिसला की उठू पाहतात, सुई ओढतात, म्हणून भेटीची वेळ थोडी असते. संसर्गजन्य आजार असेल तर भेट मिळतही नाही. घरचा वास असलेले जुने लुगडे वा चादर सोबत द्यावी, रोजचे खाणे काय ते लिहून द्यावे, आणि दिवसातून कोणत्या वेळी, कोणाला फोन करायचा हे ठरवून घ्यावे. रात्री तेथे कोणी जागे असते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

राणी वाचली. चौथ्या दिवशी गळ्यात मोठी प्लास्टिकची कॉलर घालून घरी आली. टाके निघेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा ते चौदा दिवस, ती काढायची नसते. पहिले एकदोन दिवस जनावर कमी खाते, फार झोपते. घरात दुसरे मांजर असेल तर औषधांच्या वासामुळे ते आपल्याच सोबत्यावर गुरगुरते. काही दिवस दोघांना वेगळे ठेवावे. पण सलग उलट्या झाल्या, टाक्यांतून पू आला किंवा लघवी थांबली, तर वाट पाहू नये. बोक्याची लघवी अडणे ही तर तासांची गोष्ट आहे.

माझे काम मात्र बाईंपाशीच होते. त्या चार दिवसांत त्या नातेवाइकांकडे राहिल्या, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या, जेवणाच्या वेळा चुकल्या आणि इन्सुलिन कधी घेतले कधी नाही. परतल्या तेव्हा साखर 380 होती आणि पाय सुजले होते. जनावराच्या पिशवीआधी स्वतःची पिशवी भरावी : गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, खाण्याचा डबा. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीवेळी जनावर स्वतः धरू नये. साधा ओरखडाही वाहत राहतो. चावा किंवा ओरखडा झालाच, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला, असे दिसले की 'हाड अडकले असेल' म्हणून तोंडात हात घालण्याची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून तो घालू नका. ही रेबीजचीही लक्षणे असतात.

आणि घरातील आपल्या गोळ्या जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपली वेदनाशामके कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतात, मूत्रपिंडे बिघडवतात. (गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे भारतातील गिधाडे कशी नाहीशी झाली, हे आठवावे, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.)

सगळ्या राण्या परत येत नाहीत. वार्धक्यात मूत्रपिंडे निकामी झाली, वेदना आटोक्यात येईनात, तर पशुवैद्यक दयामरणाचा पर्याय सांगतात. आधी गुंगीचे औषध, मग शिरेतून इंजेक्शन. काही मिनिटांत संपते, आणि जवळ थांबायचे की नाही हे आपण ठरवायचे असते. हा निर्णय पुण्याच्या मुलाने फोनवरून घेऊ नये, आणि आईवर एकटीवर सोडूही नये. देह परत नेता येईल का, हे आधीच विचारावे. आमच्याकडे शेताचा बांध असतो. विहिरीपासून दूर, खोल खड्डा करावा. शहरात महापालिकेकडे चौकशी करावी.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे घरातील वृद्धाकडे लक्ष ठेवा. पहाटेचे चालणे बंद झालेले असते, कारण आता ओढून नेणारे कोणी नसते. जेवण निम्म्यावर आले, झोप उडाली, गोळ्यांची पाकिटे तशीच पडून राहिली, तर त्यांना तपासणीला घेऊन या. आणि येताना जनावर गेले आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लाजेमुळे वृद्ध माणूस ते सांगत नाही.