न लिहिण्याचा दिवस

इंडोनेशियात, म्हणजे बाली बेटावरही, मुख्याध्यापकाला ‘केपाला सेकोलाह’ म्हणतात. यातला ‘केपाला’ आपल्या संस्कृत ‘कपाल’वरून गेलेला, तिकडे त्याचा अर्थ डोके, प्रमुख. ‘सेकोलाह’ पोर्तुगिजांनी नेलेला, गोव्यातल्या ‘इस्कोला’चा सख्खा भाऊ. थोडक्यात, मी शाळेचे कपाळ! हे मी सौभाग्यवतींना मोठ्या कौतुकाने सांगितले, तर त्या म्हणाल्या, “तीस वर्षं कपाळाला हात लावून बसलेले बघतेच आहे की तुम्हांला!”

2023 च्या मे महिन्यातली ही गोष्ट. 10 मे रोजी विधानसभेचे मतदान होते. निवडणुकीची ड्यूटी आटोपून घरी आलो तो चिरंजिवांचा सिंगापुरातून फोन, “बाबा, तिकिटं काढली आहेत. सुट्टी आहे, आता नाही म्हणू नका.” आमच्या खानापूर तालुक्यातल्या माणसाने बालीला जावे, ही कल्पनाच मला जरा चैनीची वाटली. पण गेलो. विमानतळावर व्हिसासाठी माणशी पाच लाख मोजले तेव्हा सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते पाच लाख तिथले रुपिया होते. आपले पावणेतीन हजारांच्या आसपास.

उतरलो उबुदजवळच्या एका खेड्यात, एका शिक्षकाच्या घरी. अंगणाच्या मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधलेल्या. यजमान गावच्या शाळेत बाली भाषा शिकवत. आमचे बोलणे इंग्रजीत चाले, आणि दोघांचेही इंग्रजी मोडकेच असल्यामुळे गैरसमज फारसे झाले नाहीत.

पहाटे जाग यायची ती उदबत्तीच्या वासाने. यजमानबाई कमरेला ओढणी बांधून, हातात तबक घेऊन अंगणभर फिरत. नारळाच्या कोवळ्या पातीची तळहाताएवढी चौकोनी द्रोणी, तिच्यात फुले, वर उदबत्ती. याला ‘चनांग’ म्हणतात. पांढरे फूल पूर्वेला, तांबडे दक्षिणेला, पिवळे पश्चिमेला. उत्तरेला निळे किंवा हिरवे काही. एक चनांग घरच्या देवळात, एक चुलीपाशी, एक उंबऱ्याबाहेर जमिनीवर. मुलाने भाड्याने घेतलेल्या मोटारीतही एक येऊन बसली. थोड्या वेळाने जमिनीवरचे दोन दाणे कुत्रे खाऊन जाई, कुणी त्याला हाकलत नसे. देवाने सार घेतले, उरले ते कुत्र्याचे. घरचे देऊळ अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात. ते पाहून सौ.ला एकदम माहेरी आल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवसापासून ती यजमानबाईंशेजारी पाती दुमडत बसू लागली. दोघींत सामाईक भाषा म्हणाल तर शून्य. तरी सुनांविषयी बोलणे झाले, असे ती शपथेवर सांगते.

नावांची गंमत सांगायलाच हवी. पहिले अपत्य वायन, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत; पाचवे झाले की पुन्हा वायन. मुलगा असो की मुलगी. पुढे स्वतःचे वेगळे नाव असते, पण हाक बहुधा हीच. वर्गात हजेरी कशी घेत असतील, हा विचार मला दोन दिवस सोडीना.

रस्त्यावरच्या सरकारी फलकांवर वरच्या ओळीत वळणदार बाली अक्षरे आणि खाली रोमन, असे जागोजागी दिसले. राज्यपालांच्या 2018 च्या आदेशाने हे झाले. त्याच आदेशाने दर गुरुवारी शाळा-कचेऱ्यांतून बाली भाषा बोलायची. आपल्या भागातल्या माणसाची नजर फलकावर आधी कुठे जाते, हे तुम्हांला सांगायला नको. वर कोणती लिपी, खाली कोणती, अक्षर केवढे, यावर आपल्याकडे मोर्चे निघतात. मी म्हटले, “तुमचे बरे आहे. तुमची अक्षरे वर आहेत.”

यजमान हसले. त्यांनी नातवाला हाक मारून फलक वाचायला सांगितला. आठनऊ वर्षांचा पोरगा. त्याने खालची रोमन ओळ खडाखडा वाचली आणि पळाला.

“सगळे खालचेच वाचतात,” यजमान म्हणाले.

ती लिपीही आपल्याच ब्राह्मीच्या वंशातली. मूळ अक्षरे अठरा; त्यांचा क्रम मात्र ह, न, च, र, क असा. आपला पहिला ‘क’ तिथे पाचवा. यजमानांनी मला ती पाच अक्षरे गिरवून दाखवली. मग त्यांनी आपली खरी व्यथा सांगितली. बाली भाषेला पायऱ्या आहेत. मोठ्यांशी, पुरोहिताशी बोलायचे शब्द वेगळे, बरोबरीच्यांशी वेगळे. ‘खाणे’ या साध्या क्रियेलाही माणूस पाहून शब्द निवडावा लागतो. चुकीचा शब्द गेला तर अपमान. म्हणून मुले बिचकतात आणि सरळ इंडोनेशियन बोलतात. तिच्यात ही भीती नाही, शाळा तिच्यात, नोकरी तिच्यात. “आम्हीच मुलांना इतके टोकले,” ते म्हणाले, “की ती गप्प बसली.”

मग त्यांनी मुलाकडे वळून सहज विचारले, “तुम्ही वडिलांच्याच शाळेत शिकलात ना?”

दर जूनमध्ये मी आणि माझे सहकारी गावोगाव फिरतो. मराठी शाळेत पोरे घाला म्हणून पालकांच्या पायऱ्या झिजवतो. पूर्वी आठवीच्या दोन तुकड्या असत, आता एक कशीबशी भरते. आणि दर जूनमध्ये कुणीतरी चहाचा कप पुढे करत हळूच विचारतो, “सर, तुमचा मुलगा कुठं शिकला?” माझा मुलगा बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकला. मीच घातला. तेव्हा कारणे होती, आज ती नीट आठवतही नाहीत. हा प्रश्न इतक्या लांब येऊन गाठेल असे वाटले नव्हते. मुलाने माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले, “नाही. बाबांची शाळा घरापासून लांब होती.”

लांब नव्हती. सायकलने वीस मिनिटे.

20 मे, शनिवार. त्या दिवशी तिथे सरस्वतीचा सण होता. त्यांचे एक पंचांग 210 दिवसांचे, म्हणून तो वर्षात कधी एकदा येतो, कधी दोनदा. यजमानांनी मला लुंगीसारखे ‘कामेन’ नेसवले, डोक्याला ‘उदेंग’ बांधला आणि शाळेत नेले. मुले पांढऱ्या सदऱ्यांत ओळीने मांडी घालून बसलेली. चार हातांची सरस्वती, शेजारी हंस. पुढे पुस्तकांचे ढीग, ताडपत्राच्या पोथ्या, फळे. पुरोहिताने तीर्थ शिंपडले, ओले तांदूळ कपाळाला लावले. मला एकाएकी पाटीवर एकच्या आकड्यांनी काढलेली आपली सरस्वती आठवली. लहानपणी मुलाला ती मीच काढून द्यायचो. ते टिपून ठेवावे म्हणून मी खिशातून वही काढली, तोच शेजारच्या चिमुरडीने माझ्या पेनावर हात ठेवला आणि मान हलवली. आज वाचायचे नाही, लिहायचेही नाही. आपल्याकडे दसऱ्याला पूजेत मांडलेल्या पुस्तकांना हात लावत नाहीत, तसेच. वही खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे समुद्रस्नानाला निघाले. सरस्वतीच्या दुसऱ्या दिवसाची ती रीतच आहे. आम्ही सानूरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा नुकते तांबडे फुटत होते आणि पाण्यात आधीच माणसांची दाटी होती. यजमान नातवाला खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे. मी वाळूत बसून आदल्या दिवसाचे लिहू लागलो.

मुलगा ओल्या अंगाने शेजारी येऊन बसला. “काय लिहिता एवढं? बघू.”

वही त्याच्याकडे दिली. शाळेतल्या हिंदीमुळे त्याला देवनागरी येते. बोट ठेवून हळूहळू वाचू लागला. अक्षर माझे, म्हणजे वाईटच. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मी टोकणार नव्हतो. तिसऱ्या ओळीत ओल्या तांदळाचे होते. तिथे त्याचे बोट थांबले.

“कपाल,” तो म्हणाला. मग स्वतःशीच थोडा थांबला. “नाही. हा तो आपला दुसरा ल ना, बाबा?”

“हो,” मी म्हटले. “वाच पुढे.”