कानातले यंत्र आणि आम्ही

आमच्या धाकट्या मुलीने पहिल्या पगारातून आम्हाला कानात घालावयाचा इअरफोन आणून दिला. वायरचा, माईक असलेला, पुढे सिलिकॉनचे रबर असलेला, थेट कानाच्या भोकात शिरणारा. "पप्पा, रोज अंबरनाथ ते सीएसएमटी फोनवर ओरडत जाता, डब्यातली माणसं तोंड फिरवतात," असे ती म्हणाली. खोटे नव्हते. कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, कोणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढले नाही, असे फोन आम्हाला सकाळच्या गाडीतच येतात.

पहिले दोन दिवस आम्ही तो नुसता कानाला टेकवून ठेवला. आवाज पातळ, आणि गाडीचा खडखडाट आहे तसाच. मग आवाज वाढविला, पार शेवटपर्यंत. संध्याकाळी घरी आलो तेव्हा दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजत होती. ती ऐकून आम्ही घाबरलो, कारण आमच्या घरात हा अनुभव जुना आहे.

आमचे वडील १९८२ च्या संपापर्यंत लालबागला एका गिरणीत कताई खात्यात होते. पाळीचे आठ तास यंत्रांचा गोंगाट. गिरणी सुटली, पण गेलेले कान परत आले नाहीत. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणून वडिलांना आपण बोललो हे कळते, काय बोललो ते कळत नाही. 'स' आणि 'श' तर त्यांच्या लेखी उरलेच नाहीत. त्यांनी तो गोंगाट पोटासाठी सोसला. आम्ही तोच आवाज हौसेने कानात ओतून घेत होतो!

मुलीने चूक दाखविली. डबीत लहान, मध्यम, मोठे असे रबरांचे तीन जोड होते, आम्ही ते पाहिलेही नव्हते. एका हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, दुसऱ्या हाताने रबर हलके फिरवीत आत बसवावे. नीट बसले की बाहेरचा आवाज एकदम दूर जातो आणि गाण्यातला ढोलक भरून ऐकू येतो. आमच्या डाव्या कानाला मध्यम लागले, उजव्याला मोठे. यात बॅटरीची काही जादू नाही, बाटलीला बूच बसावे तसे आहे. बूच घट्ट असले की आवाज निम्म्यावर ठेवूनही समोरचे बोलणे स्पष्ट येते. खरा फायदा इथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कारकुनाला हे गणित लगेच पटते.

फोनवर बोलताना मात्र सुरुवातीला गंमत व्हायची. कान बंद असल्यामुळे आपलाच आवाज डोक्यात घुमतो, म्हणून आम्ही हळू बोलू लागलो आणि पलीकडचे "साहेब, जोरात बोला" म्हणू लागले. त्यातून माईकचे भोक शर्टाच्या कॉलरखाली दबलेले. वायर शर्टाला घासली तरी कानात खरखर होते. आता वायर कानामागून घेऊन खाली सोडतो.

चार महिन्यांनी उजवी बाजू बसली. नवीन घ्यावा म्हणून निघालो होतो. स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्याने रबर काढून जाळी दाखविली. "काका, बिघडलं काही नाही, कानातला मळ आहे." लाजच वाटली. तेव्हापासून दर रविवारी रबरे काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुतो आणि पूर्ण सुकल्यावरच बसवितो. जाळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशाने झाडतो. तिला पाणी लावीत नाही, टाचणीही घालीत नाही. टाचणीने मळ आत जातो आणि जाळी फाटते. वायर फोनभोवती आवळत नाही, पिन काढताना वायरीला हिसका देत नाही. आणि आमचा इअरफोन आता कोणाला देत नाही, पुतण्या रुसला तरी. त्याचा कान वाहतो. वाहत्या कानात तर असले बूच घालूच नये, आधी डॉक्टरला दाखवावे.

एक धडा रस्त्यावर मिळाला. गल्लीतून बोलत येत होतो, मागून टेम्पो हॉर्न वाजवीत आला. आम्हाला पत्ता नाही. शेजारच्या पोराने दंड धरून ओढले म्हणून वाचलो. आता गाडीतून उतरण्याआधी दोन्ही बाजू काढून डबीत ठेवतो, तेही हळू फिरवून, कारण घट्ट बसलेले एकदम ओढले की पडदा दुखतो. अर्धवट राहिलेला फोन घरी पोचून पुरा करतो. लोक थांबतात.

वडिलांनी परवा हे धुणे पाहिले. एक रबर बोटावर घेऊन म्हणाले, "आमच्या खात्यात कापूस ढिगानं होता. कानात काय घालावं, कोणी सांगितलं नाही." मग त्यांनी ते पुसून डबीत ठेवले.