खापराचा नाद

बेळगावहून खानापूर अवघे पंचवीस-सव्वीस किलोमीटर. लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि खिडकीबाहेरची झाडी दाट होऊ लागली की उतरण्याची तयारी करावी. याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा गावाजवळून वाहते. पण खानापूरचे नाव दूरवर गेले ते येथील मातीने. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही याच गावी आहे.

येथे माठ घेताना जुनी माणसे रंग पाहत नाहीत. माठ तळहातावर तोलून बोटाने टिचकी मारतात. खणखणीत नाद आला तर माठ धड. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे. आत हात न घालता आतले कळते.

मामींच्या घरी हीच टिचकी मला वेगळ्या कारणाने आठवली. त्यांनी माझ्या मुलीसाठी कोकमाच्या आगळाची बाटली दिली होती. सांबऱ्याहून पहिले विमान सुखरूप झाले. पुढे परदेशी निघताना एका मोठ्या विमानतळावर हातपिशवीतली ती बाटली काढून घेण्यात आली. मामींनी विचारले, "काय रे, एवढी मोठी यंत्रे आणि बाटलीत आगळ आहे एवढे कळेना होय?"

प्रश्न भाबडा नव्हता. क्ष-किरण वस्तूचा आकार आणि घनता दाखवतात. वस्तू कोणती, हे त्यांवरून पुष्कळदा अंदाजानेच ठरते. टिचकी मारून नाद ऐकणारे यंत्र मात्र शास्त्रज्ञांनी खरोखरच घडविले. त्याचे नाव क्वाड्रुपोल रेझोनन्स. आरडीएक्ससारख्या स्फोटकात नायट्रोजन भरपूर. त्याच्या अणुगर्भांना योग्य रेडिओलहरीची टिचकी मारली की ते क्षणभर उत्तर देतात. आरडीएक्सचा एक सूर सेकंदाला सुमारे चौतीस लाख कंपनांचा आहे. लोकरीत, चामड्यातही नायट्रोजन असतो, पण तो या सुरात बोलत नाही. इस्पितळातल्या एमआरआयसारखे अवाढव्य चुंबकही लागत नाही. या गुणाचा शोध १९५० च्या सुमारास जर्मनीत डेहमेल्ट आणि क्र्यूगर यांनी लावला.

तथापि टीएनटीचा सूर अगदी क्षीण, आणि तो नेमका आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात! गाण्याच्या गलक्यात कुजबूज ऐकावी तसे होते. शिवाय लहरी मातीच्या मडक्यातून जातात, तांब्याच्या कळशीतून जात नाहीत. धातूच्या डब्यात काय आहे ते यंत्र सांगू शकत नाही. द्रवही या रीतीने बोलत नाहीत. म्हणून बाटल्यांसाठी अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी एमआरआयच्या तत्त्वावर वेगळे यंत्र केले आणि २००८ साली अल्बुकर्कीच्या विमानतळावर त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. पण अशी यंत्रे सर्वत्र रुळली नाहीत. क्ष-किरणांच्या सुधारित यंत्रांनीच जागा धरली. २००६ साली लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला आणि शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. मामींचे आगळ गेले ते त्या कटापायी.

बाटलीचा राग मला फार वेळ धरता आला नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. स्फोटक बॅग व्हँकुव्हरला चढविण्यात आली होती, तिचा मालक विमानात बसलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बिघडले. मग हातात धरायचे एक वास घेणारे उपकरण फिरवून बॅगा पुढे पाठविल्या गेल्या. ते विमान पुढे दिल्ली आणि मुंबईला यायचे होते. घरी वाट पाहणाऱ्यांत आपल्यासारखीच माणसे होती.

मामींना हे सारे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या आणि आगळाऐवजी वाळवलेली आमसुले बांधून आणली; सोबत नातवंडांच्या भातुकलीसाठी मातीचे एक लहानसे बोळके. "हे तरी जाऊ देतील ना?" म्हणाल्या. मी ते तळहातावर घेतले आणि बोटाने हलकेच टिचकी मारली.