उपकार कुणाचे, हिशेब कुणाचा

'उपकार' म्हणलं की आमच्या माणसांची पाठ आपोआप वाकते. पिढ्यान्‌पिढ्या तीच शिकवण. रत्नागिरी आणि कुलाब्याच्या काही भागात खोत कुळाची मेहनत खायचा आणि वर कुळानंच त्याच्यापुढं हात जोडायचे. स्वतःच्या घामाचं भात परत मिळालं, तरी ते उपकार. म्हणून कुणी कृतज्ञतेवर प्रवचन झोडायला लागलं की माझं डोकं फिरतं. तुमचंही फिरत असेल.

मी दिवेआगरचा. पुढं समुद्र, मागं नारळ-सुपारीच्या वाड्या. वाड्या दुसऱ्यांच्या, शिंपणं आमचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. आमच्या घराचे पत्रे उडाले. काही दिवसांनी मदतवाले आले. ताडपत्री, तांदूळ, मेणबत्त्या. द्यायच्या आधी सगळ्यांना ओळीत उभं केलं. फोटो. एकजण म्हणाला, "मावशी, हात जोडा की जरा." आय ताडपत्री छातीशी धरून सरळ उभी राहिली. म्हणाली, "हात मोकळा नाय माझा."

पण त्याच रात्री ती कोळीवाड्यातल्या एका बाईचं नाव काढत बसली. वादळाच्या दुपारी त्या बाईनं आमच्या वाडीतली पोरं आपल्या पक्क्या घरात ओढून घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं, फोटो निघणार नव्हता. आय अजून तिचं नाव घेते. म्हणजे आयला आभार मानता येत नव्हते असं नाय. कुणाचे मानायचे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मुंबईत शिकायला होतो तेव्हा माझ्या खोलीत एक ख्रिस्ती दोस्त होता. नगर जिल्ह्यातला, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथला. आजा महार, मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेला. घरी ना. वा. टिळकांची भजनं. टिळकही आपल्या कोकणातलेच, करजगावचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. हा दोस्त रोज झोपायच्या आधी दिवसभरातल्या तीन गोष्टी आठवून देवाचे आभार मानायचा. त्यांच्यात त्याला उपकारस्तुती म्हणतात.

मी त्याला सोडायचो नाय. म्हणायचो, "गड्या, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं तुला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवलंय. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपले बौद्ध आले. तू अजून बाहेर. चर्चमध्येही तुमची जात पुसली नाय. आणि तू आभार कसले मानतोस?"

तो चिडायचा नाय. म्हणायचा, "पौलानं काही पत्रं तुरुंगातून लिहिली. त्यात देवाचे आभार हायत. तुरुंगाचे नायत. परिस्थितीत आभार मानायचे, परिस्थितीचे नाय." मग दहा कोड्यांची गोष्ट सांगायचा. येशूनं दहाजण बरे केले, परत येऊन आभार मानले एकानंच. आणि तो एक कोण? शोमरोनी. ज्याला त्या समाजात हलकं समजायचे, तो. गोष्ट सांगून झाली की तो १९५० च्या आदेशाविरुद्धच्या मोर्चाची पत्रकं वाटायला निघायचा. त्याच्या उपकारस्तुतीनं त्याचा लढा थंड पडला नाय. उलट रात्री त्याला झोप यायची. मला यायची नाय.

याचा अभ्यासही झालाय. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला आभार मानाव्यात अशा गोष्टी लिहायला लावल्या, काहींना कटकटी लिहायला लावल्या. पहिल्यांना आपलं जगणं जास्त बरं वाटलं. ठीक हाय. पण हाच शोध उद्या मालक वापरेल. मजुरी मागाल तर म्हणेल, हाय त्यात समाधान माना. तेव्हा सावध.

मला वाटतं, शब्दांतच फरक हाय. 'आभार' या शब्दात भार हाय. 'कृतज्ञ' म्हणजे केलेलं जाणणारा. कुणी केलं, काय केलं, कशासाठी केलं, हे ज्याला कळतं तो. हा हिशेब हाय, लाचारी नाय. आपण विहारात महामंगलसुत्त म्हणतो, त्यात 'कतञ्ञुता' हे एक मंगल सांगितलंय. बुद्धानं जाणायला सांगितलं, वाकायला नाय.

हा हिशेब महाडला लावून बघा. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला सवर्णांनी जागा मिळू दिली नाय. फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं आपली जागा दिली. त्या मांडवापुढं २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. परिषदेसाठी गावोगाव राबले ते रा. बा. मोरे. ही नावं आपल्या किती पोरांना ठाऊक हायत? आणि चवदार तळ्याचं पाणी? ते कुणाचेच उपकार नव्हते, तो हक्क होता. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती मोडायचं बिल विधिमंडळात आणलं, तेही कुळांना हक्क मिळावा म्हणून. हक्काच्या गोष्टीला आभार नसतात. माणसानं माणसासाठी जोखीम घेतली, तिथं असतात.

मित्रांनो, चळवळीतला माणूस थकतो. मोर्चे, केसेस, फुटलेले गट, घरची शिव्याशाप. रागावर किती वर्षं जगणार? राग पाहिजेच, पण नुसता राग आधी आपल्यालाच जाळतो. मी देव मानत नाय, तरी दोस्ताची सवय उचललीय. बैठक संपवून आलो की वहीत तीन नावं लिहितो. कुणी चहा पाजला, कुणी जामीन राहिलं, कुणी रात्री सायकलवरून घरी सोडलं. त्याच वहीच्या मागच्या पानावर कुणाकडून काय वसूल करायचंय तेही लिहितो.

दोन्ही पानं एकाच वहीत ठेवा. एक फाडलं की दुसरं सुटतं.

जयभीम.