बाणाचे तोंड

दिवाळीला आम्ही नांदेडहून लातूरला लेकीकडे जातो. यंदा दारात पाऊल टाकले, तो ही संगणकापुढे बसलेली. शेजारी चकल्यांचा डबा, कोपऱ्यात आकाशकंदील तसाच पडलेला. "बाबा, एवढा एक कनेक्टर लावते नि उठते," ती म्हणाली. हे वाक्य पुढे तिने चार वेळा म्हटले!

मी जन्मभर नळकामाचे नकाशे काढले. पण कनेक्टर हे प्रकरण मला नवे. तिच्या त्या रेव्हिटमध्ये पंप, टाकी, बेसिन ही नुसती चित्रे नव्हेत. त्यांच्या अंगाला नळी जिथे भिडते तिथे कनेक्टर बसवायचा आणि त्याला बजावायचे, पाणी इथून आत जाणार की बाहेर पडणार. बेसिनच्या थंड पाण्याला 'इन', सांडपाण्याला 'आउट'. किती पाणी, तेही सांगायचे. 'प्रीसेट' म्हटले की आपण देऊ तो आकडा तो मुकाट्याने घेतो. 'कॅल्क्युलेटेड' म्हटले की पुढच्या साऱ्या नळांची बेरीज स्वतःच करतो. दोन बाण एकमेकांच्या अंगावर आले, की कुरकुरतो.

तळघरातल्या हौदाला तिने दोन 'इन' दिले होते. एक महापालिकेचा, दुसरा टँकरचा. लातूरकरांना ह्या दुसऱ्याचे कारण सांगावे लागत नाही. 2016 साली मांजरा धरण आटले, पाणवठ्यांपाशी जमावबंदी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या.

"मग वाघिणीला काय लावशील?" मी विचारले. "मिरजेत आत, लातुरात बाहेर!"

"बायडिरेक्शनल," ती हसून म्हणाली. आणि लगेच, "बाबा, पंपापुढची ही झडप बघा ना. बाण बरोबर आहे?"

पाणी मागे फिरू नये म्हणून बसवतात ती झडप. बाण बरोबर होता. मी मात्र पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

फार वर्षांपूर्वी नांदेडच्या एका वसतिगृहाच्या नकाशात हाच बाण मी उलटा काढला होता. फिटरने नकाशाबरहुकूम झडप बसवली. पंप घरघरत राहिला. वरच्या टाकीत थेंब नाही. दोन दिवस मुले बादल्या घेऊन जिने चढली. साहेबांनी विचारले, तेव्हा मी फिटरकडे बोट दाखवले. त्याचे काम गेले. त्याच रात्री मी ट्रेसिंगवरचा तो बाण ब्लेडने खरवडला आणि सरळ काढून ठेवला. कागद कुरकुरला नाही.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. हिच्या आईलाही नाही. त्या संध्याकाळी, का कोण जाणे, लेकीला सांगून टाकले.

ती काही वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाव काय होते हो त्यांचे?"

मी सांगितले. इतक्या वर्षांत ते नाव मोठ्याने उच्चारण्याची ती पहिलीच वेळ. तिने संगणक मिटला. मी स्टुलावर चढलो, तिने खालून आकाशकंदील वर दिला.