पोच

दरवर्षी कॉलेज उघडले की पहिल्या तासाला मी मुलांना एक प्रश्न विचारतो : "तुमचा आवडता शब्द कोणता?" हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही; त्यामुळे मुले तो मन लावून ऐकतात. मग 'आई', 'पाऊस', 'स्वातंत्र्य' अशी उत्तरे येतात. मागच्या बाकावरून 'सुट्टी' हे ठरलेले उत्तर येते, आणि सगळ्यांत प्रामाणिक तेच असते अशी माझी समजूत आहे. यंदा एका मुलीने उठून उलट मलाच विचारले, "सर, तुमचा कोणता?"

मी फारसा विचार न करता म्हणालो, "पोच."

वर्ग हसला. मराठीच्या प्राध्यापकाने 'चांदणे', 'प्राजक्त' असे काहीतरी म्हणावे अशी त्यांची अपेक्षा असावी. 'पोच' हा शब्द मी आवकजावक कारकुनाच्या टेबलावरून उचलून आणला असे त्यांना वाटले असेल.

पण काही शब्द मिरवायला बरे असतात, काही संसाराला. 'पोच' हा दुसऱ्या जातीचा. दिसायला अडीच अक्षरांचाही नाही. पण त्याच्या पोटात किती माणसे राहतात पाहा! पत्राची पोच म्हणजे ते मिळाल्याची खबर. आवाजाची पोच म्हणजे तो जाईल तेवढा पल्ला. एखाद्याला चार लोकांत कसे वागावे हे कळत नसले, की आपण हळूच म्हणतो, "त्याला पोच नाही हो!" पोचलेला साधू आणि पोचलेला माणूस यांत किती अंतर आहे हे ज्याला समजते, त्याला मराठी आली असे मी खुशाल समजतो. पाहुण्याला आपण फाटकापर्यंत पोचवतो; आणि ज्याला परत यायचेच नसते त्यालाही, डोळे पुसत, पोचवूनच येतो.

हा शब्द आपल्या घरात इतका रुळला याचे कारण उघड आहे. माणूस दूर गेला की मागे राहिलेल्याला एकच गोष्ट हवी असते. जुन्या पत्रांची सुरुवातच "आपले पत्र पावले, मजकूर समजला" अशी होत असे. त्या 'पावणे'वरूनच आपली पावती आली. 1879 साली आपल्याकडे पाव आण्याला कार्ड मिळू लागले आणि "सुखरूप पोचलो, काळजी नसावी" एवढे दोन शब्द कळवणे गरिबालाही परवडू लागले. घाईच्या निरोपाला तार होती. तिला दारात पाहूनच घर घाबरायचे. ती तार 2013 सालच्या जुलैत बंद झाली. आता खिशातला फोनच पोच देतो. निरोप निघाला की एक खूण, समोरच्याच्या फोनवर पडला की दोन, आणि 2014 पासून त्याने तो वाचला की त्याच दोन खुणा निळ्या! पाठवणाऱ्याच्या इतक्या कामाची सोय टपाल खात्यालाही कधी सुचली नव्हती. कार्ड पोचले असे धरून चालायचे. ते वाचून बाबूने उशीखाली ठेवले की केराच्या टोपलीत टाकले, हे कोणाला कळत होते?

या निळ्या खुणांनी माझ्या घरात मात्र एक लहानसे महाभारत घडवले. आमची कन्या गेल्या वर्षी बंगळूरला शिकायला गेली. वसतिगृहात राहते. सकाळी मी विचारी, "उठलीस का?" खुणा निळ्या होत. उत्तर नाही. मी लिही, "वाचलेस, मग उत्तर का नाही?" दुपारी, "जेवलीस का?" पुन्हा निळे, पुन्हा मौन, पुन्हा माझी चौकशी. आणि एका सोमवारपासून खुणा निळ्या होईनाशाच झाल्या. दिवस गेला, दोन दिवस गेले. खुणा राखाडीच. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने मला ज्ञान दिले : "सर, ती खूण बंद करता येते."

मला फार लागले. पत्र परत आले असते तर लागले नसते इतके लागले. मग मी एक युक्ती शोधून काढली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. घरच्या मंडळींचा जो एकत्र कट्टा फोनवर असतो, तिथे टाकलेला निरोप कोणी कोणी वाचला हे, खूण बंद केलेली असली तरी, पाहता येते. मी तिथे अंगणातल्या जास्वंदीचे फोटो टाकू लागलो. टाकायचा, पाच मिनिटांनी नावे तपासायची, तिचे नाव दिसले की फोन खिशात. एकदा हिने मागून पाहिले.

"अहो, या जास्वंदीचा फोटो आज तिसऱ्यांदा पाठवलात."

"पोचतो का, बघत होतो."

"कोण? फोटो, की तुम्ही?" ही म्हणाली. "तुम्हांला शब्दाचे सगळे अर्थ ठाऊक आहेत. एक अर्थ तेवढा अंगात यायचा राहिलाय!"

त्या रविवारी कन्येचा फोन आला. आईने चहाडी केली असावी. मी खूण बंद केल्याबद्दल रागाने विचारले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, निळं दिसलं की दोन मिनिटांत तुझा 'उत्तर का नाही' येतो. म्हणून मी तुझा मेसेज दिवसभर उघडायचेच नाही. आता आला की लगेच वाचते."

"आणि उत्तर?"

"ते पण देते की. सुचलं की."

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यात मला अण्णा आठवले.

1997 साली मी कोकणातल्या गावाहून कोल्हापूरला शिकायला निघालो. अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. निघताना त्यांनी माझ्या हातात दहा कार्डे ठेवली. पत्त्याच्या बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात घरचा पत्ता लिहिलेला. म्हणाले, "फार लिहू नकोस. 'सुखरूप पोचलो', खाली सही. बस्स." त्यांतले एक मी टाकले. बाकीच्या नऊ कार्डांतली काही पुस्तकांत खुणेला गेली, काहींवर खाणावळीचा हिशेब झाला. सुट्टीत घरी गेलो तेव्हा अण्णांनी कार्डांचे नावही काढले नाही. त्यांचा स्वभाव अलिप्त आहे, असे मी मित्रांना अभिमानाने सांगत असे.

2009 च्या पावसाळ्यात आम्ही अण्णांना पोचवून आलो. चौथ्या दिवशी एक निवृत्त कंडक्टर भेटायला आले. आमच्या गावी वस्तीची एस. टी. येई, सकाळी करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाई आणि संध्याकाळी परत मुक्कामाला. ते म्हणाले, "तुम्ही सकाळच्या गाडीनं गेलात, की संध्याकाळी गुरुजी पाराजवळ उभे. 'काय मास्तर, घाट कसा होता? गाडी वेळेवर लागली?' तुमचं नाव कधी काढलं नाही त्यांनी. मीच सांगायचो, 'गुरुजी, पोरगं स्टँडवर उतरलं, ट्रंक मी टपावरून काढून दिली.' मग 'बरं' म्हणायचे आणि वळायचे. एकदा दरड आली, गाडी रात्री साडेअकराला आली. तरी बॅटरी घेऊन उभे होते."

नऊ कार्डांची पोच अण्णांनी अशी परस्पर घेतली होती. मुलाने ती दिली नाही हे त्यांनी मुलाला कळूही दिले नाही. शब्दकोशातला तो जो अर्थ, शहाणपणाचा, तो त्यांना कोश न उघडता आला होता. अर्थात त्यांची थोडी सोयही होती : गाडी दिवसातून एकदाच यायची. मला दर मिनिटाला पाराजवळ उभे राहता येते, आणि मी राहतो!

जास्वंदीचे फोटो मी बंद केले आहेत. गेल्या महिन्यात गौरीच्या फराळाचा डबा कुरिअरने बंगळूरला पाठवला. डबा दिल्याचा त्यांचा निरोप सकाळीच आला. कन्येचा रात्र झाली तरी आला नाही. मी चौथ्यांदा चष्मा शोधू लागलो, तशी हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटावर ठेवला.

"मैत्रिणींबरोबर खात असेल पोरगी. खाऊ द्या!"

मी निमूटपणे दिवा मालवला. बराच वेळ शांतता होती. मग अंधारातून हिचा हळू आवाज आला :

"अहो, करंज्या फुटल्या नसतील ना?"